हृदयासाठी सप्लिमेंट सुरू करताय? आधी या पायऱ्या चढा

हृदयासाठी कोणतं सप्लिमेंट चांगलं, असं कुणी विचारलं की माझा उलट प्रश्न ठरलेला असतो : हृदयाच्या नेमक्या कशासाठी? बीपीसाठी, कोलेस्टेरॉलसाठी, ट्रायग्लिसराइडसाठी, की नुसतंच 'असावं म्हणून'? बहुतेक वेळा उत्तर शेवटचं असतं, आणि पैसे वाया जातात तेही तिथेच. 'नैसर्गिक' म्हणून मिळणाऱ्या पूरकांपैकी काही खरोखर काम करतात, बरीचशी काहीच करत नाहीत आणि काही चक्क हृदयालाच त्रास देतात. शिवाय घरात एक डबी आली की ती सगळ्यांनी मिळून संपवायची, हा प्रकार तर फारच चुकीचा. जी गोळी बायकोच्या गरजेची, ती नवऱ्याला नको असू शकते.

हा लेख अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्या क्रमानेच घ्या. मधल्या एखाद्या पायरीवर 'आपल्याला यातलं काहीच नको' असं लक्षात आलं, तर उत्तमच.

एक गोष्ट मात्र पायऱ्यांच्याही आधी. छातीवर दाब, हात-जबडा-पाठीत सरकणारी कळ, जिना चढताना नव्याने लागणारी धाप, अचानक घाम आणि घेरी, यापैकी काही होत असेल तर पुढचं वाचू नका, हॉस्पिटल गाठा. बायकांमध्येही छातीत दुखणं हेच मुख्य लक्षण असतं. पण त्याच्या जोडीला मळमळ, धाप, पाठ किंवा जबडा दुखणं, कमालीचा थकवा ही लक्षणं त्यांच्यात जास्त दिसतात. मग 'पित्त झालंय' म्हणून ते अंगावर काढलं जातं.

पायरी १ : स्वतःचे आकडे कागदावर घ्या

डबीआधी रिपोर्ट. उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी), साखर किंवा एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन एवढं तरी हवं. त्यात चार आकडे अधोरेखित करा : एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा). क्रिएटिनिन कशाला, असं वाटेल. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर मॅग्नेशियम आणि पोटॅशियम शरीरात साचतं, आणि पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून तो आकडा आधी.

बीपी घरीच मोजा, पण नीट मोजा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. हात छातीच्या पातळीवर टेकलेला हवा, पट्टा उघड्या दंडावर, आणि मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस करा, पहिला दिवस सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर ते डॉक्टरांना दाखवायचं काम आहे. सप्लिमेंटचा विचार त्यानंतर.

आता स्त्री-पुरुष वेगळे होतात ते इथून. पुरुषांमध्ये हृदयविकार सरासरी सात ते दहा वर्षं लवकर दिसतो. बाईला पाळी सुरू असेपर्यंत थोडं संरक्षण असतं. पाळी बंद झाली की एलडीएल वर सरकतं, पुष्कळदा बीपीही. म्हणून पाळी जाण्याआधीचा 'नॉर्मल' रिपोर्ट जपून ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. बायकांनी कागदावर आणखी दोन ओळी लिहायच्या : गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, साखर वाढली होती का. बाळंतपणानंतर सगळं जागेवर आलं तरी पुढच्या आयुष्यातला हृदयविकाराचा धोका वाढलेला राहतो, आणि ही माहिती डॉक्टरांना आपणहून कुणी सांगत नाही. पुरुषांनी लिहायची ओळ जरा संकोचाची आहे : लिंगाला ताठरता येण्यात अडचण. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे बिघाड तिथे काही वर्षं आधी दिसू शकतो. त्यावर गुपचूप 'शक्तिवर्धक' गोळी घेणं किती महागात पडू शकतं, ते पुढे येईलच.

पायरी २ : 'हृदयासाठी चांगलं' हे शब्द खोडून आकडा लिहा

कागदावर आता एकच वाक्य लिहा : 'मला अमुक आकडा तमुकवर आणायचा आहे.' एलडीएल १५० आहे, कमी करायचं आहे. ट्रायग्लिसराइड ३०० आहे, उतरवायचं आहे. असं वाक्य लिहिता आलं नाही, तर विकत घेण्यासारखं काही नाही.

हे सांगण्याचं कारण म्हणजे एलडीएल वाढलंय म्हणून फिश ऑइल घेणारे खूप भेटतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. फिश ऑइलने एलडीएल उतरत नाही, उलट कधी कधी थोडं वाढतं. त्याचं काम ट्रायग्लिसराइडवर.

दुसरं, आकडा सुधारला म्हणजे अ‍ॅटॅक टळला असंही दर वेळी नसतं. नायसिनचं, म्हणजे ब३ जीवनसत्त्वाचं उदाहरण घ्या. मोठ्या डोसात ते एचडीएल वाढवतं, ट्रायग्लिसराइड उतरवतं. रिपोर्ट बघून मन खूश. पण २०१४ साली पंचवीस हजारांहून जास्त रुग्णांवरच्या एचपीएस२-थ्राइव्ह या चाचणीचा निकाल आला तेव्हा, स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या औषधाच्या, जोडीला नायसिन दिल्याने हृदयविकाराचे झटके कमी झाले नव्हते. मधुमेह आणि रक्तस्राव मात्र वाढले होते.

ई जीवनसत्त्वाची गोष्टही तशीच. ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, असं आधीच्या निरीक्षणांत दिसत होतं. पण जीवनसत्त्वाच्या गोळ्या आठवणीने घेणारा माणूस बहुधा सिगारेट ओढत नसतो, चालायला जातो, तपासण्या करतो. फायदा त्याचा असतो, गोळीचा नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून तपासलं तेव्हा चित्र पालटलं. २००० सालच्या होप चाचणीत ४०० युनिट ई जीवनसत्त्वाने हृदयाला फायदा झाला नाही, आणि त्याच रुग्णांवर पुढे लक्ष ठेवलं तेव्हा हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची पंप करण्याची ताकद कमी पडणं, जास्त आढळलं. बीटा कॅरोटिनने तर सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढवला. हृदयविकार टाळण्यासाठी ही दोन्ही घेऊ नका, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०२२ मध्ये स्पष्टच म्हटलं.

पायरी ३ : लेबल उलटून वाचायला शिका

पुढच्या बाजूला हृदयाचं चित्र असतं. कामाची माहिती मागे बारीक अक्षरात. फिश ऑइलची बाटली घेऊन एकदा हिशेब करू.

पुढे ठळक लिहिलेलं असतं '१००० मिलिग्रॅम'. हे तेलाचं वजन. मागे बघा : ईपीए १८०, डीएचए १२० (ही ओमेगा-३ ची दोन रूपं). ही साध्या कॅप्सूलची नेहमीची मात्रा. म्हणजे कामाचं ओमेगा-३ झालं ३०० मिलिग्रॅम, उरलेलं ७०० मिलिग्रॅम इतर तेल. ट्रायग्लिसराइड खरोखर उतरवायला, तेही वीस-तीस टक्के, दिवसाला ४ ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ लागतं. भागाकार केला तर रोजच्या तेरा कॅप्सूल. एवढ्या कुणी घेत नाही. लोक एक घेतात आणि 'फरक पडेना' म्हणतात. मोठ्या डोससाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं शुद्ध केलेलं औषध वेगळं असतं आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं. बाटली उघडल्यावर एक कॅप्सूल कापून वास घ्या. माशाचा हलका वास चालेल. खवट, रंगासारखा उग्र वास आला तर तेल बिघडलंय, बाटली परत करा.

'सर्व्हिंग साइज' हीसुद्धा बघायची जागा. मात्रा लिहिलेली असते दोन किंवा तीन गोळ्यांची, आपण समजतो एकीची. खनिजांमध्ये आणखी एक फसगत होते. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये वजनाच्या साठ टक्के मॅग्नेशियम असतं, सायट्रेटमध्ये सोळा टक्क्यांच्या आसपास. लेबलवर 'एलिमेंटल' हा शब्द शोधा. त्यापुढचा आकडा खरा.

'प्रोप्रायटरी ब्लेंड' असं लिहून दहा वनस्पतींची नावं आणि एकच एकूण वजन दिलेलं असेल, तर ती बाटली मी खाली ठेवते. कशाचं किती, हे सांगायचं नसेल तर घ्यायचं का? यूएसपी किंवा एनएसएफ यांसारख्या त्रयस्थ संस्थेचं तपासणी चिन्ह असेल तर आत जे लिहिलंय तेच असण्याची शक्यता बरीच वाढते. त्याचा गुण येतो, याची मात्र ती हमी नव्हे.

पायरी ४ : कोणत्या आकड्यावर काय चालतं

एलडीएलपासून सुरू करू, कारण पुरावा सगळ्यात जास्त तिथे आहे.

इसबगोलाचा भुसा हे माझं आवडतं. स्वस्त, कंटाळवाणं आणि कामाचं. त्याचा बुळबुळीत तंतू आतड्यात पित्तरसाला धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. यकृताला नवा पित्तरस बनवायला कोलेस्टेरॉल लागतं, ते रक्तातून ओढून घेतलं जातं, आणि एलडीएल साधारण पाच ते दहा टक्क्यांनी उतरतं. ऐकायला थोडं वाटतं. पण स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम आणखी सहा टक्के कमी होतं, हे लक्षात घेतलं की या भुशाची किंमत कळते. परिणामासाठी रोज सुमारे १० ग्रॅम भुसा लागतो, त्यातून ७ ग्रॅम विरघळणारे तंतू मिळतात. पहिल्याच दिवशी एवढा घेतलात तर पोट फुगून हैराण व्हाल. एका चमच्याने सुरू करा, दर आठवड्याला थोडा वाढवा. दर चमच्यामागे मोठा पेलाभर पाणी हवंच. कोरडा किंवा घोटभर पाण्यात घेतला तर घशात किंवा आतड्यात त्याचा गोळा होऊन अडकू शकतो. गिळायला त्रास असणाऱ्यांनी आणि आतड्याचा मार्ग अरुंद झालेल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्या गोळ्या आणि भुसा यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळ्याही त्यात अडकून वाया जातात. ओट्समधलं बीटा ग्लुकन याच पद्धतीने चालतं, त्याची मात्रा रोज ३ ग्रॅम.

प्लांट स्टेरॉल आणि स्टॅनॉल हे वनस्पतींतले कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ आतड्यातून कोलेस्टेरॉल आत शिरण्याची जागाच अडवतात. रोज २ ग्रॅम घेतले तर एलडीएल आठ ते दहा टक्के उतरू शकतं. मात्र ते जेवणासोबतच घ्यायचे, उपाशीपोटी घेतले तर अडवायला समोर काहीच नसतं. सिटोस्टेरॉलेमिया हा दुर्मीळ आनुवंशिक आजार असणाऱ्यांना ते वर्ज्य.

लाल यीस्ट तांदूळ, म्हणजे रेड यीस्ट राइस, हा या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज. 'स्टॅटिन नको, काहीतरी नैसर्गिक द्या' म्हणणाऱ्यांच्या हातात नेमकं हेच पडतं. त्यातलं मोनाकोलिन के आणि १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालेलं लोव्हास्टॅटिन हे औषध, हे रासायनिकदृष्ट्या एकच रेणू आहेत. म्हणजे तुम्ही स्टॅटिनच घेता, फक्त किती घेताय ते ठाऊक नसतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत १२ उत्पादनं पाहिली गेली. कॅप्सूलमागे मोनाकोलिन के ०.१० मिलिग्रॅमपासून १०.०९ मिलिग्रॅमपर्यंत निघालं, म्हणजे शंभरपट फरक. त्यातल्या चार उत्पादनांत सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विष जास्त प्रमाणात होतं. युरोपीय संघाने २०२२ मध्ये दिवसाची मात्रा ३ मिलिग्रॅमच्या आत असली पाहिजे, असा नियम केला. २०२४ मध्ये जपानमध्ये अशाच एका उत्पादनामुळे अनेकांची मूत्रपिंडं बिघडली. स्नायूदुखी, यकृताचा त्रास हे स्टॅटिनचे दुष्परिणाम यालाही लागू. आधीच स्टॅटिन चालू असेल तर त्यावर हे नको, आणि गरोदर किंवा गरोदर राहू इच्छिणाऱ्या बाईला तर अजिबात नको. मला विचाराल तर मोजून-मापून मिळणारी गोळी घेणं केव्हाही बरं.

एकमेकांशी तुलना करायची तर २०२२ सालची स्पोर्ट नावाची चाचणी वाचण्यासारखी आहे. सुमारे १९० जण, २८ दिवस. एका गटाला रोसुव्हास्टॅटिन फक्त ५ मिलिग्रॅम, एकाला नुसती साखरेसारखी फसवी गोळी, बाकीच्यांना फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, प्लांट स्टेरॉल आणि लाल यीस्ट तांदूळ. स्टॅटिनने एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरलं. सहापैकी एकही सप्लिमेंट फसव्या गोळीच्या पुढे गेलं नाही, लसणाच्या गटात तर एलडीएल थोडं वाढलं. चाचणी छोटी आणि कमी दिवसांची होती हे खरं, आणि २८ दिवसांत स्टेरॉलला पुरेशी संधी मिळाली का यावर वाद घालता येईल. तरी अंतर केवढं आहे ते दिसतं.

आता ओमेगा-३. १९९९ साली इटलीतल्या गिस्सी चाचणीत, नुकताच अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या अकरा हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना रोज एक ग्रॅमच्या आत ओमेगा-३ दिल्यावर मृत्यू कमी झाले, आणि फिश ऑइलची हवा झाली. पण निरोगी माणसांचं काय? २०१८ मध्ये व्हायटल चाचणीत ५० वर्षांवरचे पुरुष आणि ५५ वर्षांवरच्या बायका मिळून २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना सुमारे पाच वर्षं १ ग्रॅम ओमेगा-३ दिलं. मोठ्या हृदयविकारी घटना लक्षणीयरीत्या कमी झाल्या नाहीत. त्याच वर्षी मधुमेहींवरच्या असेंड चाचणीतही तेच. रिड्यूस-इट या चाचणीत ट्रायग्लिसराइड वाढलेल्या आणि स्टॅटिनवर असलेल्या रुग्णांना दिवसाला ४ ग्रॅम शुद्ध ईपीए दिलं, तेव्हा घटना २५ टक्के कमी झाल्या. त्यावरही तुलनेसाठी वापरलेल्या खनिज तेलाने निकाल फुगला का, असा वाद चालूच राहिला. कारण २०२० मध्ये स्ट्रेंथ चाचणीत ४ ग्रॅम ईपीए-डीएचएचं मिश्रण दिलं आणि फायदा दिसत नाही म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी : एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल फडफड, वाढली. डोस १ ग्रॅमच्या वर गेला की हा धोका जास्त. आधीच धडधडीचा त्रास असेल तर स्वतःच्या मनाने मोठा डोस नकोच.

कोएन्झाइम क्यू१० निरोगी हृदयासाठी घ्यायचं काही कारण नाही. त्याची जागा हार्ट फेल्युअरमध्ये, तीही मूळ औषधांच्या जोडीला. २०१४ मध्ये क्यू-सिम्बियो चाचणीत ४२० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दोन वर्षं दिलं. मोठ्या घटना २६ टक्क्यांऐवजी १५ टक्के रुग्णांत झाल्या. आशादायक, पण रुग्णसंख्या लहान. मॅग्नेशियमने बीपी दोनेक अंकांनी उतरतं, जुलाब मात्र होऊ शकतात. लसणाच्या गोळ्या वाढलेलं बीपी थोडं कमी करतात. मल्टिव्हिटॅमिनने हृदयविकार टळत नाही, हे १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर दहा वर्षांहून जास्त काळ चाललेल्या चाचणीत २०१२ मध्ये दिसलं.

पायरी ५ : चाचणी कुणावर झाली, आणि तुम्ही कोण

हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या, कारण जुन्या मोठ्या चाचण्यांत बायका नव्हत्याच. अ‍ॅस्पिरिनचं उदाहरण बोलकं आहे. १९८९ मध्ये पुरुष डॉक्टरांवरच्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनने हृदयविकाराचे झटके कमी केले. २००५ मध्ये सुमारे चाळीस हजार बायकांवरची चाचणी संपली तेव्हा झटके कमी झाले नव्हते, पक्षाघात कमी झाला होता. एकच गोळी, दोन निकाल.

बायकांसाठी पहिला विषय लोहाचा. पाळी सुरू असताना लोहाची गरज पुरुषाच्या दुपटीहून जास्त असते. हिमोग्लोबिन घसरलं की हृदय जोरजोरात पंप करतं : जिन्यावर धाप, रात्री कानात ठोके, कारण नसताना धडधड. हृदयविकाराच्या भीतीने ओमेगा-३ सुरू करणाऱ्या कित्येकींना मुळात फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून लोह घ्यायची गरज असते. पाळी बंद झालेल्या बाईला आणि पुरुषाला मात्र नियम उलटा. त्यांच्यात लोह कमी निघालं तर गोळीआधी रक्त कुठून जातंय ते शोधायचं. आणि कमी नसताना लोह घेत राहिलं तर? हिमोक्रोमॅटोसिस हा आनुवंशिक दोष असणाऱ्यांत ते साचून हृदयाचा स्नायूच बिघडवतं. पाळीतून रक्त जात नसल्यामुळे पुरुषांत हा त्रास लवकर उघड होतो. म्हणूनच पुरुषांच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये पुष्कळदा लोह नसतं. बायकोची डबी त्याने घेऊ नये ती याच कारणासाठी.

कॅल्शियम हाडांसाठी घेतलं जातं, पण हृदयाशी त्याचा संबंध आहे. २००८ साली न्यूझीलंडमधल्या एका चाचणीत, पाळी गेलेल्या बायकांना कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यावर हृदयविकाराचे झटके जास्त दिसले. इतर अभ्यासांत तसं आढळलं नाही, वाद अजून मिटलेला नाही. व्यवहारात एवढं करा : आहारातून किती मिळतं ते आधी मोजा, उरलेलंच गोळीतून घ्या, आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको.

बायोटिनबद्दल फार कमी जणींना माहीत असतं. केसांसाठी, नखांसाठी ते घेतलं जातं. दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅम, आणि केसांच्या गोळीत ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट. बायोटिन हृदयाला काही करत नाही. पण अ‍ॅटॅक आलाय का हे ठरवणाऱ्या ट्रोपोनिनच्या काही तपासण्यांत ते ढवळाढवळ करतं आणि आकडा खोटा कमी दाखवतं. अ‍ॅटॅक आलेला असतो आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियंत्रण संस्थेने, २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला, त्यात अशा चुकीच्या निकालानंतर झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख होता. केसांच्या गोळ्या चालू असतील तर छातीत दुखून दवाखान्यात गेल्यावर ही गोष्ट सगळ्यात आधी सांगा. शक्य तर घरातल्या कुणाला तरी ठाऊक असू द्या.

पुरुषांसाठी ई जीवनसत्त्वाचा आणखी एक धडा. पस्तीस हजारांवर पुरुषांवरच्या सिलेक्ट चाचणीचा २०११ मधला निकाल असा की रोज ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त झाला.

आता त्या 'शक्तिवर्धक' गोळ्या. एफडीएने २००७ ते २०१६ या काळात भेसळ पकडलेली ७७६ सप्लिमेंट्स होती. त्यातली ४५ टक्क्यांहून जास्त लैंगिक ताकदीसाठी, ४१ टक्क्यांच्या आसपास वजन उतरवण्यासाठी आणि जवळजवळ १२ टक्के स्नायू वाढवण्यासाठी विकली जात होती. पहिल्या प्रकारात प्रामुख्याने सिल्डेनाफिल हे ताठरतेसाठीचं औषध किंवा त्याची भावंडं गुपचूप घातलेली असतात. छातीतल्या कळेसाठी जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीशी सिल्डेनाफिल एकत्र आलं की बीपी धाडकन कोसळतं, जीवही जाऊ शकतो. आणि गोळी 'वनस्पतीजन्य' असल्यामुळे रुग्ण डॉक्टरांना सांगतही नाही. वजनाच्या गोळ्यांत सिब्युट्रामाइन सापडतं. हे औषध हृदयाला घातक म्हणून २०१० मध्येच युरोप-अमेरिकेच्या बाजारातून काढलं गेलं. स्नायूंच्या डब्यांत लपवलेली स्टेरॉइड्स एचडीएल पाडतात, एलडीएल चढवतात. माझा सरळ नियम : ज्या नैसर्गिक गोळीचा गुण तासाभरात दिसतो, तिच्यात औषध आहे असंच धरून चालायचं.

पायरी ६ : चालू औषधांच्या शेजारी ठेवून बघा

सगळ्या गोळ्या, चूर्णं, काढे एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांपुढे किंवा फार्मासिस्टपुढे ओता. यादीपेक्षा पिशवी बरी, कारण यादीत माणूस चूर्ण लिहीत नाही.

खास लक्ष कुठे द्यायचं? वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लसूण, हळदीचा अर्क, गिंको, ई जीवनसत्त्व यांनी रक्तस्राव वाढू शकतो, तर के जीवनसत्त्व आणि क्यू१० यांनी गोळीचा परिणाम कमी होतो. बीपीच्या एसीई इनहिबिटर, एआरबी किंवा स्पायरोनोलॅक्टोन गोळ्यांबरोबर पोटॅशियम, आणि पोटॅशियमयुक्त 'लो सोडियम' मीठसुद्धा, विचारल्याशिवाय नको. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीसाठीची वनस्पती डिगॉक्सिन (हृदयाचं एक औषध), वॉरफॅरिन आणि काही स्टॅटिन शरीरातून लवकर बाहेर काढते. ज्येष्ठमध खोकल्याच्या आणि पित्ताच्या चूर्णांत असतो. रोज भरपूर पोटात गेला तर मीठ-पाणी शरीरात साठवतो, बीपी वाढवतो आणि पोटॅशियम पाडतो. बीपी का उतरत नाही याचं उत्तर कधी कधी त्या चूर्णाच्या डबीत सापडतं. थायरॉइडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर सर्जनना ही पिशवी आधीच दाखवा, यातलं बरंचसं एक-दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात.

पायरी ७ : एका वेळी एकच, आणि तारीख लिहून

चार गोष्टी एकदम सुरू केल्या तर गुण कशाचा आणि पुरळ कशाचं, दोन्ही कळत नाही. एक निवडा. डबीवर पेनाने सुरू केल्याची तारीख टाका आणि पुढच्या तपासणीची तारीखही त्याखालीच. एलडीएल किंवा ट्रायग्लिसराइडसाठी आठ ते बारा आठवडे पुरतात. तपासणी त्याच लॅबमध्ये, तशीच उपाशीपोटी करा. मधल्या काळात आहार, व्यायाम, वजन मुद्दाम बदलू नका, आणि यातलं काही बदललंच तर ते लिहून ठेवा. एलडीएल दर तपासणीला थोडं वर-खाली होतंच, तेव्हा दोन-चार अंकांच्या फरकावर आनंद नको.

डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिन, बीपीची गोळी किंवा रक्त पातळ करणारं औषध 'आता नैसर्गिक सुरू केलंय' म्हणून बंद करायचं नाही. स्टॅटिनने स्नायू दुखत असतील तर तसं सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. मधल्या काळात लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, नव्याने धडधड, हिरड्यांतून रक्त किंवा काळी शौच असं काही झालं तर सप्लिमेंट त्याच दिवशी थांबवा, डबी सोबत घ्या आणि दवाखान्यात जा. डबीवरचा बॅच नंबर डॉक्टरांना हवा असतो.

बारा आठवड्यांनी आकडा हलला नसेल तर डबी संपेपर्यंत वाट बघू नका, बंद करा. हलला असेल तर तीच मात्रा चालू ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.